आप्पांनी दाखवलेलं ताईचं लग्न

आमच्या राजुरीच्या घरात एक नियम आहे आणि तो का आहे हे विचारायचं नाही. ताईच्या लग्नाच्या अल्बमला कुणी हात लावायचा नाही. मखमली अल्बम, खाचांत बसवलेल्या पाच डीव्हीडी. पाहुणे आले की माझे थोरले चुलते, म्हणजे आप्पा, तो स्वतः काढणार आणि स्वतः ठेवणार. मी हा नियम मोडला. पुढची शोभा सांगते, चहा गार झाला तर माझ्यावर ढकलू नका.

त्याचं असं झालं. एक जुनी जपानी कार्टून मालिका आहे, अवकाशातल्या लढाईची, माझ्या जन्माच्याही आधीची. तिचं चित्र नव्याने स्वच्छ करून डीव्हीडी संच निघाला. मी शिकवण्यांच्या कमाईतून तो मागवला आणि आळेफाट्याला कुरियरवाल्याकडे जाऊन छातीशी धरून घरी आणला. त्यातही पाचच डीव्हीडी.

"लग्नाच्या वयात कार्टून बघती व्हय गं?" आप्पा म्हणाले.

बोलण्याचं मला काही नाही हो. भीती वेगळी होती. आप्पांना कुठेही चकाकणारी तबकडी दिसली की ती दोरा ओवून द्राक्षबागेत जाते. पाखरं बिचकतात म्हणे. माझ्या कॉलेजच्या प्रोजेक्टची सीडी आजही तिसऱ्या ओळीत गरगर फिरते आहे.

आणि मी आठवडाभर पुण्याला, हॉस्टेलवर. संच ठेवू कुठे? ज्या घरात एकाच वस्तूला कुणी हात लावत नाही, तिथे सुरक्षित जागा कोणती, तुम्हीच सांगा. मी अल्बममधून लग्न काढलं आणि अवकाश भरलं. लग्न ओढणीत गुंडाळून कपाटात टाकलं. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश, की पुण्यापर्यंत एसटीत एकटीच हसत होते.

पुढच्याच रविवारी आळे गावचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. मला एम.एस्सी. पूर्ण करायची होती, लग्न नकोच होतं. आप्पांनी शब्द दिला होता, "बघून जाऊ दे त्यांना. तू तोंडावर न्हाई म्हन, विषय संपला." ते 'नाही' मी हॉस्टेलच्या आरशासमोर पाठ केलं होतं. त्या नादात अल्बमचं मात्र साफ विसरले.

पोहे झाले. मी चहा घेऊन बाहेर आले तर आप्पांनी डीव्हीडी लावलेली.

"आप्पा, राहू द्या ना."

"मोठ्यांच्या मधी बोलू नगं."

खरं सांगावं तर संच बागेत जाणार. मी चहाचे कप पुढे केले.

आप्पांचं आठवड्यापूर्वीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा. पण त्यांना बघायची गरजच नाही, ते लग्न त्यांना तोंडपाठ आहे. आवाजही बंद ठेवतात, सनईत त्यांचं बोलणं बुडतं म्हणून.

पडद्यावर तीनमजली लोखंडी माणूस उभा राहिला.

"हे आमचे मेव्हणे," आप्पा म्हणाले. "लई साधा मानूस."

मुलाच्या वडिलांनी चहा बशीत ओतला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा बशीकडे पाहिलं. "तब्येत चांगलीय," ते म्हणाले.

"तालमीतलं शरीर हाय."

मेव्हण्यांनी एक शहर पायाखाली घेतलं.

"हितं जेवनावळ. अख्खा गाव उठला बघा."

"उठला खरा," आत्या म्हणाल्या.

आमच्याकडे यजमानाला त्याच्याच घरात खोटं पाडत नाहीत. मग आमटी खारट असो की मेव्हणा लोखंडी असो. मुलगा तेवढा खाली मान घालून थरथरत होता. मला वाटलं, ताप असावा.

शेवटी लाल शिरस्त्राण घातलेली एक बाई एकटीच जळत्या यानात अडकली.

"ही पाठवनी. हितं माझ्या डोळ्याला पानी येतं."

पाणी आत्यांच्याही डोळ्यांत होतं, खरंखुरं. भाग संपला तरी त्या हलेनात. "पर आप्पा, त्या लाल टोपीवालीचं पुढं काय झालं?"

"काय व्हायचंय? नांदतीय की सुखानं. ठाण्याला आसती."

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "आप्पा, सोयरीक आमाला पसंत हाय. तुमी पोरीला इचारा. फकस्त आमच्या बहिनीचा जीव त्या बाईत आडकलाय. ह्या डीव्हीडी आठ दिवस न्यू का?"

"न्या की राव. घरचंच लगीन हाय."

आणि आप्पांनी अल्बम माझ्या डोळ्यांदेखत आत्यांच्या पिशवीत घातला. मग माझ्याकडे वळून मान हलवली. बोल म्हणजे आता, काय बोलायचं ते.

मी ताडकन उठले. "नाही," मी म्हणाले. अगदी पाठ केल्यासारखं, ठणठणीत. "पाहिजे तर मला आत्ता घेऊन जा. पण या डीव्हीडी घराबाहेर जाणार नाहीत."

आत्यांनी अल्बम मुकाट्याने टेबलावर ठेवला. आप्पांनी काळा चष्मा काढला. बघा, ठणकावून सांगितलं की मोठी माणसं ऐकतात, असं मला पूर्ण अर्धं मिनिट वाटत होतं.

मग दारात उभी असलेली आई आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन बाहेर आली.