किती डेट्स द्याल?

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात न्यायाधीशही मतदानाने निवडतात. तिथल्या वाचनालयात न्यायाधीशपदाचे तीन उमेदवार निःपक्ष न्यायालयावर बोलायला आले होते. तिघेही न्यायाच्या बाजूचे निघाले. एखादा तरी अन्यायाच्या बाजूने उभा असता, तर निवड सोपी झाली असती.

सोबत आमच्या शेजारच्या काकू होत्या. त्या नुकत्याच नागरिक झाल्या होत्या आणि त्यांना पहिलंच मत द्यायचं होतं. नागपूरला त्यांचा मुलगा ट्रकखाली गेला, तो खटला अजून चालू आहे. काका दर वेळी कोर्टात जायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे. शेवटी काकाही गेले, तारखा पडतच राहिल्या.

प्रश्नांची वेळ आली तशा काकू उठल्या. जमेल तशा इंग्रजीत त्यांनी मधल्या उमेदवाराला विचारलं, "तुम्ही लोकांना किती डेट्स द्याल?"

"मॅडम, माझं लग्न झालंय," तो म्हणाला. सभागृह खदखदून हसलं. मी खुलासा करायला उठेपर्यंत वेळ संपल्याचं जाहीर झालं.

गाडीत काकूंनी विचारलं, "काय म्हणाला रे तो?"

"त्याचं लग्न झालंय म्हणाला."

काकूंनी मान डोलावली. "मग पोरंही असतील त्याला. तो नाही कुणाला थांबवून ठेवणार."

मत त्यांनी त्यालाच दिलं आणि तो निवडून आला. कोर्टासमोरून जाताना काकू अजूनही गाडीतूनच हात जोडतात. तेव्हा मी रस्त्यावरून नजर काढत नाही.