डबेवाले मिस्त्री

मंचरचे आमचे मिस्त्री माणसाला राम राम करायच्या आधी गाडीचा वास घेत. बॉनेट उघडायचं, इंजिनाच्या वाफेच्या नळीसमोर तळहात धरायचा, तो हुंगायचा आणि मगच मान वर करायची. इंजिनाला किती म्हातारपण आलंय, ते मालकाआधी त्यांना कळे.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे वडापच्या, म्हणजे खेपेला माणसं भरून नेणाऱ्या, जीपा पळायच्या, त्या माझ्या जीपेसकट बहुतेक पुण्याकडून थकून आलेल्या. झिजलेल्या इंजिनातून तेलकट वाफ उसळायची आणि हवेच्या वाटेने पुन्हा आत जाऊन जळायची, मागे निळा धूर सुटायचा. मिस्त्रींनी त्या वाटेत डबा बसवला. बाळाच्या दूध पावडरीचा पत्र्याचा डबा, आत भांडी घासायची तारेची घासणी, खाली एक छोटी तोटी. वाफ घासणीला अडायची, तेल तळाशी साठायचं. असा डबा पुण्यात विकत मिळतो म्हटलं की ते म्हणत, "मिळंना का. त्यांच्या घरात बाळं नसतील."

अट एकच, डबा भरू द्यायचा नाही. आम्हा ड्रायव्हरांच्या तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांनी सोपं करून दिलं होतं: दर आठवड्याला बेल्ह्याचा जनावरांचा बाजार उरकला की तोटी सोडायची. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं. निम्म्या जीपांत त्यांचा डबा होता.

मग एका उन्हाळ्यात जनावरांमध्ये लाळ-खुरकताची साथ आली आणि बाजार बंद पडला. बाजार नाही म्हणून तोटीही नाही! मी अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय. लग्नसराईत माझी जीप मात्र रोज पळत होती. वऱ्हाड घेऊन आहुप्याचा चढ चढताना तुडुंब डब्यातलं तेल इंजिनाने ओढलं. किल्ली काढली तरी इंजिन थांबेना, डिझेल तोडलं तरी ते त्या तेलावरच पळत होतं. किंचाळत, धूर ओकत ते शेवटी जाम झालं. माणसं उड्या टाकून वाचली. नवरदेवाच्या मामाने माझी कॉलर धरली, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मिस्त्रीच्या डब्यानं घात केला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. आम्ही दोघंच होतो. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, आत काठापर्यंत तेल चढल्याची खूण होती. माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात पुसत निघून गेले.

महिन्याभरात सगळ्यांनी डबे काढून फेकले. गॅरेजकडे कुणी फिरकेना. मिस्त्री दुसऱ्याच्या शेडमध्ये लोखंडी गेटं जोडू लागले. मी नवं इंजिन टाकून धंदा चालू ठेवला.

काही वर्षांनी ते मंचर स्टँडवर भेटले. धीर करून मी सांगितलं, की तोटी मी सोडलीच नव्हती.

"मला म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "डबा मीच उघडला नाय का? मला काय सांगतो, राव. त्यांना सांगायचं व्हतं." आणि त्यांनी हनुवटीने रांगेतल्या ड्रायव्हरांकडे दाखवलं. सगळे ओळखीचे, हाकेच्या अंतरावर. मी मिस्त्रींची पिशवी एसटीत चढवून दिली आणि घरी आलो.

पुढच्या वर्षी ते गेले. दहाव्याला घाटावर ते सगळे ड्रायव्हर आले होते. श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायला माईक माझ्याच हातात दिला. "माणूस गुणी होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो.