तोडलेल्या निंबाची सावली

मंडळी, आज दुपारचं सांगतो. ऊन लागलं म्हणाल, तरी ऐका.

तिकडं अमेरिकेत लढाई पेटली आणि आपल्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्याकडं लोकांनी बांधावरची झाडंसुद्धा ठेवली नाहीत. माझ्या थोरल्या भावानं परसातला निंब तोडला आणि तिथंही सरकी टाकली. ती उगवलीच नाही.

यंदा तिथं बाग करावी म्हटलं. मुंबईहून आणलेले गुलाब उन्हानं करपले, म्हणून आज रोपं विकणाऱ्या कादरभाईंना बोलावलं. इथलंच काहीतरी लावू, कण्हेर, मोगरा, सीताफळ, असं बोलणं चाललं होतं.

कादरभाई मधेच थांबले. "पाटील, तुमची गाय उन्हात काहून बसून रायली?"

गोठ्यात सावली असून गाय उघड्यावर निवांत रवंथ करत होती. थोड्या वेळानं उठली, जराशी पूर्वेला सरकून पुन्हा बसली. निंब असता तर त्याची सावली तशीच सरकली असती.

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. तिथं गार होतं.

"उठा तिथून," कादरभाई कुंपणापाशी मागं सरले होते. "तिथं निंबच लावा, बाकी काई लावू नका."

आता दिवस कलला आहे, सावल्या लांबल्या आहेत. गाय सरकत सरकत आमच्या उंबऱ्याशी येऊन बसली आहे. आत थोरला निजला आहे.

त्याला उठवू का?