भित्र्या उंदरांची न्याहारी

रानउंदीर धरणाऱ्या बाईंना सगळी लॅब 'पिंजरेवाल्या बाई' म्हणायची. एकोणीस वर्षं त्या रोज सकाळी गवताळ माळावर जात, पत्र्याचे पिंजरे उघडत आणि एकेका उंदराला कापडी पिशवीत घेऊन त्याच्या कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर वाचत. कोण कडकडून चावतो, कोण अंग चोरून बसतो, कोण दुसऱ्याच दिवशी निर्लज्जासारखा पुन्हा पिंजऱ्यात हजर होतो, हे सगळं त्या वहीत टिपून ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं, खोडच होती ती.

मग लॅबमध्ये उंदराला काचेच्या बरणीत ठेवून तो प्राणवायू किती ओढतो ते मोजायचं. बाईंनी तेही आकडे वहीत उतरवले आणि एक दिवस त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. धीट उंदीर नुसता पडून असला तरी भित्र्यापेक्षा जास्त ओढतो. त्याच्या अंगातली चूलच मोठी. चूल मोठी म्हणून भूक मोठी, आणि भुकेपायी तो धोका दिसत असूनही आत शिरतो. आपण उगाच त्याला स्वभाव म्हणतो.

बाईंनी हौसेनं हे लॅब चालवणाऱ्या डॉक्टर सरांना सांगितलं आणि वहीही दिली. वर्षभरात सरांचा लेख छापून आला. लेकीनं तो मोबाइलवर वाचून दाखवला. शेवटी आभार होते, 'पिंजरे धुणाऱ्या कर्मचाऱ्यांचे'.

"आई, यात तू कुठेयस?"

"धुणाऱ्यांत," बाई म्हणाल्या.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही मागायला गेल्या, तर सर शांतपणे म्हणाले, "कुठली वही, बाई?" तेव्हाच बाईंनी ठरवलं, या माणसाला चारचौघांत तोंडावर पाडायचं. दोन वर्षं त्या गप्प राहून पिंजरे धूत राहिल्या.

आणि सर आयतेच हाती सापडले. बाहेरून तपासनीस मॅडम येणार होत्या, त्यांच्यासमोर सर मोजणी करून दाखवणार होते. वहीत बाईंनी ठळक लिहिलं होतं, मोजण्याआधी चार तास उपाशी ठेवा, जेवलेला उंदीर जास्त ओढतो. सरांनी तेवढंच कधी मनावर घेतलं नव्हतं. उंदीर उपाशी ठेवण्यासारखी कामं आपसूक होतात, असं त्यांना वाटे, कारण बाई ती बिनबोभाट करत. त्या सकाळी बाईंनी तीन धीट उंदीर उपाशी ठेवले आणि तीन भित्र्यांना बसवून पोटभर चारलं.

आकडे उलटे आले. भित्रे पुढे, धीट मागे. सरांचा चेहरा पडला. बाईंना असं समाधान वाटलं, की हसू आवरायला त्यांना पदर तोंडाशी धरावा लागला.

"हे तुमच्या लेखाच्या अगदी विरुद्ध आहे," मॅडम म्हणाल्या.

सरांनी घाम पुसला. "खरं सांगू का मॅडम, मूळ निरीक्षणं माझी नाहीतच. सगळी या बाईंची. मी त्यांच्या वहीवर विसंबलो, तिथंच चुकलो."

बाईंचं हसू जिरलं. ज्या वाक्यासाठी दोन वर्षं जीव जळला, ते मिळालं ते असं. गप्प राहावं, तर एकोणीस वर्षं खोटी ठरत होती. बोलावं, तर नोकरी जात होती. बाई पुढे झाल्या.

"वही माझी, हे ऐकलंत ना सगळ्यांनी? मग तिच्यात चूक नाही, हेही ऐका. या तीन भित्र्यांना मी आज मुद्दाम चारलंय. जेवलेलं जनावर जास्त ओढतं, हे वहीत लिहिलंय. सरांनी ते वाचलं असतं, तर मोजायच्या आधी एका शब्दानं विचारलं असतं."

मॅडम सरांकडे वळल्या. "लेखातले उंदीर तरी उपाशी होते का?"

सरांना ते ठाऊकच नव्हतं. त्यांनी सवयीनं बाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. "लेख तुमचा ना? आणि मी आत्तापासून कामावर नाही."