मंगळवारच्या रकान्यात काय लिहायचं?

एकुआ एस्सुमन गणिताच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसणार होती. एल्मिनाच्या किनाऱ्यावर मासे धुरावर वाळवणाऱ्या बायकांमध्ये तिचा हात सगळ्यात चपळ; पण तिला व्हायचं होतं सुईण. प्रशिक्षणाच्या कॉलेजात तिची जागा ठरली होती, फक्त गणित सुटायला हवं होतं. यंदाही अडकलं, तर जागा दुसरीला जाणार होती.

मंगळवारी ती माझ्याकडे शिकायला येई. तो समुद्रदेवाचा दिवस; त्या दिवशी आमच्याकडे कुणी समुद्रात होडी घालत नाही, घातली तर किनाऱ्याचा मुखिया दंड करतो, त्यामुळे धुराच्या भट्ट्याही थंड. तिचे वडील अट्टा माझ्याच अंगणात जाळं विणत बसत.

तिचं घोडं अडलं होतं डोमेन आणि रेंजपाशी. "डोमेन म्हणजे फलनात काय काय घालता येतं ते, आणि रेंज म्हणजे त्यातून काय काय बाहेर येतं ते," हे सांगून माझा घसा सुकला होता. पण 'एक भागिले (क्ष वजा दोन)' समोर आलं, की ही क्षच्या जागी दोन घालणार आणि उत्तर लिहिणार शून्य!

"अगं, शून्याने भागता येत नाही!"

"म्हणूनच तर शून्य लिहिलं, मावशी. काही येत नाही म्हणजे शून्यच की!"

मीही हट्टाला पेटले. "बरं, बाबांच्या होडीचा आठवडा मांड. आत दिवस घाल, बाहेर माशांच्या पाट्या काढ."

तिने भराभर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. सोमवारी नऊ, मंगळवारी शून्य, बुधवारी चौदा, गुरुवारी शून्य...

"ए बये!" अट्टा जाळं टाकून उठलेच. "मंगळवारी शून्य? बाप मंगळवारी होडी घेऊन गेला म्हणून दवंडी पिटतेस का?"

"गेलात असं कुठे म्हटलं, बाबा? मासे शून्य."

"गुरुवारचं शून्य कबूल. गेलो, जाळं टाकलं, हात हलवत आलो. मंगळवारी मी गेलोच नाही! मुखियाच्या कानावर गेलं, तर दंड मला भरावा लागेल. खोड ते आधी!"

एकुआला हसू आवरेना. तिने खोडायला पेन टेकवलं, आणि तिचा हात तिथेच थांबला.

"मावशी! मंगळवार डोमेनमध्येच नाही!"

मी खुर्चीतून उठलेच. "आणि दोन?"

"दोन हा या फलनाचा मंगळवार! होडी सुटतच नाही, तर पाट्या कसल्या मोजायच्या? मी दोन्ही वर्षं पेपरात हेच शून्य लिहून आले!"

"आणि गुरुवार?"

"तो डोमेनमध्ये आहे. त्याचं शून्य रेंजमध्ये!"

"मग त्या 'एक भागिले'वाल्या फलनाच्या रेंजमध्ये शून्य आहे?"

तिने शंभर घातले, हजार घातले, उणे संख्या घातल्या. "उत्तर शून्याच्या जवळ जवळ जातंय, पण शून्य होतच नाही! वर एक बसलाय ना, तो होऊ देत नाही!"

"मासे मोजताय की भुतं?" अट्टा पुटपुटले.

पानात गुंडाळलेली मक्याची केंकी गार झाली, पण कुणी हात लावला नाही. वर्गमुळांची गणितंही तिने स्वतःच सोडवली. उणे संख्या कुठे आत येऊ द्यायची नाही, हे मी विचारायच्या आधीच सांगत सुटली.

परीक्षेचा निकाल फोनवर आला, तेव्हा ती भट्टीपाशी होती. काजळीच्या हातांनी धावत आली आणि मला गच्च मिठी मारली. "सुटले, मावशी! गणितात सुटले!" मागून अट्टा सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असे ओरडत होते, "पोटुशी कोण कोण आहे? माझी लेक सुईण होतेय!" पाटीवाल्या बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि आम्ही दोघी तिथेच नाचलो.