पुसदवाल्याचा ड्रोन

सांगतो, पण चहा संपेपर्यंत कोणी हसायचं नाही. फजिती माझी आहे, आणि ती मी कुणाच्याही मदतीशिवाय, निव्वळ स्वतःच्या अकलेने करून घेतली आहे.

दिग्रसमध्ये माझा फोटो स्टुडिओ. माझ्या लाल पडद्यापुढे रडलं नाही असं एक लेकरू गावात सापडायचं नाही. लेकरू रडायला लागलं की मी खुळखुळा वाजवतो आणि म्हणतो, “मामाकडं पाह्य, मामाकडं!” ते पाहतं, मी बटण दाबतो. धंद्याची युक्ती आहे ती, दुसरं काही नाही.

त्यातलीच एक प्राजू, शेजारच्या खेड्यातल्या गजाननभाऊंची मुलगी. बारशापासून दहावीच्या फॉर्मपर्यंत तिचे सगळे फोटो माझे. मुलाकडच्यांना पाठवलेला फोटोही माझाच, आणि त्या फोटोवरच लग्न जमलं असं मी गावभर सांगत फिरत होतो. मग लग्नाची ऑर्डर कोणाला मिळणार? हा काय विचारायचा प्रश्न आहे?

गजाननभाऊ पत्रिका घेऊन दुकानात आले. माझ्या हातावर अक्षत ठेवली आणि म्हणाले, “प्रकाशभाऊ, लग्नात कॅमेरा नका आणू. दोन्ही हात मोकळे ठेवून या.”

“काहून?”

“फोटोले पुसदचा रोहित सांगतला. त्याच्यापाशी ड्रोन हाय. तुमचं आमच्याकडं दुसरंच काम हाय. त्याचं असं हाय भाऊ, पोरगी म्हणे का—”

“समजलं,” मी म्हणालो आणि लेन्स पुसायला घेतली. लेन्स स्वच्छच होती.

काय समजलं होतं? की आपल्याला गोड बोलून घरी बसवलं. नंतर भाऊंचे फोन आले, मी उचलले नाहीत. जेवताना मला ताटात ड्रोन दिसायचा. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो.

बायको म्हणाली, “पाव्हणा म्हणून बलावलं, तं पाव्हण्यावानी जा ना. एवढं कायले मनाले लावून घेता?”

मी पाहुण्यासारखाच गेलो. फक्त आहेराच्या पिशवीत, साडीखाली, कॅमेरा होता.

कार्यालयाच्या लॉनवर रोहित भेटला. कोरलेली दाढी, गळ्यात दोन कॅमेरे. मला पाहताच वाकून पाया पडला. “काका, तुमचं नाव लय ऐकून हाओ.” काका! त्याच्या पाया पडण्याचा मला जास्त राग आला. भांडायला काही जागाच ठेवली नाही पोराने.

त्याने प्राजूला म्हटलं, “ताई, कॅमेऱ्याकडं पाहूच नका. नुसतं चाला.” ती चालली, मध्येच मैत्रिणीशी बोलता बोलता हसली. मी हळूच त्याच्या खांद्यामागून स्क्रीनवर पाहिलं. एवढ्या वर्षांत मी प्राजूला ताठ बसवलं, मान तिरकी करायला लावली, पण नुसतं चालू कधी दिलं नव्हतं. फोटो सुंदर होता. माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि नाश्त्याला काही दोष नव्हता.

तेव्हा माझी अक्कल चालली. मी रोहितच्या खांद्यावर हात ठेवला. “इथं काय करून राह्यला बाबू? मागच्या पाण्याच्या टाकीवर चढ, तिथून ड्रोन सोड. सारं लॉन एका शॉटमंदी येते. लग्न लागाले वेळ हाय अजून, नवरदेव तं मारोतीच्या पारापाशीच नाचून राह्यला.”

“भारी आयडिया, काका,” म्हणत बिचारा पळाला.

बँड फाटकापर्यंत आलेला मला चांगला ऐकू येत होता. बेत सोपा होता. प्राजू बोहल्यावर येणार, फोटोवाला गायब, गजाननभाऊ घाबरून माझ्याकडे धावत येणार, आणि मी पिशवीतून कॅमेरा काढणार. मग सगळ्यांना कळणार, शेवटी कामाला कोण येतं ते.

माइकवरून गुरुजी म्हणाले, “मुहूर्त जवळ आला. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.”

मी पिशवीत हात घातला. प्राजूच्या आईला तर भाऊच नाही, मग मामा कोण, हे पाहायला मान उंच केली. सगळे माझ्याकडेच बघत होते. आणि बेतात ठरल्याप्रमाणे गजाननभाऊ खरोखरच माझ्याकडे धावत आले.

“भाऊ, चाला ना! पोरगी थांबली.”

“मी?”

“मंग कोण? त्या दिवशी तेच तं सांगून राह्यलो होतो, तुम्ही आयकलंच नाई. पोरगी म्हणे, लहानपणापासून मले एकच माणूस मामाकडं पाह्य म्हणते. तोच माह्या मामा.”

त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून बायकोकडे दिली, माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर दुपट्टा टाकला. मला भरून आलं. प्राजूचा हात धरला तर ती हळूच म्हणाली, “मामा, खांदे सरळ.” हे मी तिला म्हणायचो.

एवढ्यात कोणीतरी ओरडलं, “अरे, फोटोवाला कुठं गेला?” सगळीकडे शोधाशोध सुरू झाली. तो कुठे आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं आणि मी गप्प होतो. आयुष्यात पहिल्यांदा माणसांनी मला कॅमेऱ्यापुढे उभं केलं, आणि कॅमेरा मीच टाकीवर पाठवला होता. मुहूर्त काही थांबत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली.

आणि डोक्यावर घरघर ऐकू आली.

लग्नाचा अल्बम आला. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये एकमेकांचे मोबाइलच आले होते, त्यामुळे लग्न लागतानाचा धड फोटो एकच, ड्रोनचा. हिरवं लॉन, मधोमध अंतरपाट, उधळलेल्या अक्षता, चहूकडे फेटे आणि पदर. सगळे नवरा-नवरीकडे बघताहेत, म्हणून चेहरा कोणाचाच दिसत नाही. एक माणूस तेवढा मान वर करून, दात-ओठ खात, थेट ड्रोनकडे बघतोय.

फ्रेम द्यायला रोहित स्वतः आला. म्हणाला, “काका, तुम्ही मस्त आले. फक्त जरासं हसाले पाह्यजे होतं.” जन्मभर लोकांना हेच सांगून मी पोट भरलं.

प्राजूने ती फ्रेम माझ्याच दुकानात लावायला लावली, लाल पडद्याच्या बाजूला. गिऱ्हाईक विचारतं, “हा तापलेला माणूस कोण हाय?” मी छाती काढून सांगतो, मुलीचा मामा. तिथवर ठीक असतं. मग ते म्हणतं, “फोटो काय जबरदस्त हाय राजेहो. तुम्ही काढला?”

आणि माझं तोंड पुन्हा त्या फोटोसारखं होतं.