दोघींच्या टेबलाला तिसरी

माझी मैत्रीण आणि मी गोव्यात डिचोलीच्या एकाच शाळेत शिकवत होतो. ती लाटंबार्सेची, मी मयेची. तिच्या मुलीला बाळ झालं तेव्हा मैत्रिणीने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि मुंबईला मुलीकडे गेली. सहा महिन्यांत परत येते म्हणाली होती. आली नाही. फोनवरच्या तिच्या बोलण्यात मात्र एक बाई येऊ लागली. तिच्याच इमारतीत राहणारी, मूळची मंगळूरची, बँकेतून निवृत्त झालेली, एकटी. "आज आम्ही दोघी फोर्टात गेलो होतो," असं ती सांगायची, आणि ते 'आम्ही दोघी' माझ्या कानात खड्यासारखं टोचायचं.

त्या दोघी मुंबईतले वाइनबार बघत हिंडायच्या. एक ग्लास प्रत्येकी, एक बशी दोघींत, आणि एका जागी दुसऱ्यांदा जायचं नाही, हा त्यांचा नियम. मला आधी खरंच वाटेना. हिच्या बापाची काजूची भट्टी होती. मोसमात घरभर हुर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास सुटला की ही नाकाला पदर लावून आमच्याकडे मयेला राहायला यायची. एकदा तळ्यावर सहलीला गेलो असताना मी बियरचा एक घोट घे म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलली नव्हती. जे मला कधी जमलं नाही ते त्या बाईने वर्षभरात करून दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुंबईला गेले. बघायचं होतं, एवढंच स्वतःला सांगितलं.

पहिल्याच संध्याकाळी दोघी मला फोर्टातल्या एका जुन्या दगडी इमारतीच्या तळघरात घेऊन गेल्या. पायऱ्या उतरून गेलं की कमानी लागत होत्या, विटांच्या भिंती, भिंतीभर आडव्या ठेवलेल्या बाटल्या आणि प्रत्येक टेबलावर पितळेचा छोटा दिवा. बाहेरचा रस्ता तिथे ऐकूच येत नव्हता. जागा सुंदर होती, आणि तेच मला आवडलं नाही. टेबल दोन माणसांचं होतं. वेटरने बाजूची खुर्ची ओढून माझ्यासाठी कोपऱ्याला लावली.

मंगळूरकरीण वाईट नव्हती. पांढरे केस अगदी आखूड कापलेले, मोठं हसू. माझ्याशी ती मराठीत बोलायची, पाहुणीशी बोलावं तशी सांभाळून. मैत्रिणीशी मात्र तिची कोकणी सुरू व्हायची. तिचे हेल वेगळे, अर्धे शब्द माझ्या ओळखीचे नव्हते, पण माझी मैत्रीण ते सगळे उचलून वापरत होती. जी मुलगी एकेकाळी माझ्या खांद्याला खांदा लावून गोव्याची राजभाषा मराठीच हवी म्हणून मोर्चात घसा फुटेपर्यंत ओरडली होती, ती! घरी आम्हीही जी बोली बोलायचो तिला मराठी म्हणायचं की कोकणी यावर तेव्हा गावागावात भांडणं होती. आता ती त्याच बोलीत दुसरीबरोबर खिदळत होती आणि मी जैतुनाची फळं मोजून खाल्ल्यासारखी एकेक खात होते.

ग्लास हुंगून मैत्रीण म्हणाली, ह्याला आपल्या कपाटाचा वास आहे. मंगळूरकरीण लगेच म्हणाली, "तेच, स्टाफरूममधलं. पावसात फुगलेलं." मी ग्लास खाली ठेवला. त्या कपाटाचं दार आम्ही दोघींनी मिळून किती वेळा खेचून उघडलं होतं. आता त्याचा वाससुद्धा वाटून झाला होता.

दुसऱ्या दिवशी वांद्र्याच्या एका जुन्या बंगल्यात गेलो. तिथे प्रत्येक खोलीत वेगळी बैठक होती. आम्ही मागच्या खिडकीपाशी बसलो. वेताच्या खुर्च्या, रंगीत फरशा, बाहेर चाफा. कोणीतरी जुन्या तबकड्या लावत होतं. मंगळूरकरीण खुशीत होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला ती म्हापशाची गोष्ट माहीत असेलच ना? ही एकटी चालत घरी गेली ती?"

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मग मंगळूरकरणीने मला माझीच गोष्ट सांगितली. भाषेच्या आंदोलनाचे दिवस. म्हापशाला कॉलेजात गेलेली मुलगी. बस बंद झाल्या, रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली. ही एकटी फांद्या ओलांडत अस्नोड्यावरून लाटंबार्सेपर्यंत चालत गेली, चप्पल तुटली, दिवेलागणीला घरी पोचली आणि बापाने उंबऱ्यातच झाडली. गोष्ट छान सांगितली तिने. फक्त त्यात मी नव्हते. सगळी वाट आम्ही दोघी चाललो होतो; मयेला पोचणं शक्य नव्हतं म्हणून मीही त्या रात्री तिच्याकडेच राहिले होते. तिची चप्पल तुटल्यावर माझी एक तिच्या पायात होती. मला तिने त्या रस्त्यावरून पुसून टाकलं होतं.

राग इतका आला की मी उरलेली वाइन एका घोटात संपवली आणि बोलायला लागले. म्हटलं, ती एकटी नव्हती, मी होते. आणि बस चुकली ती माझ्यामुळे. बाजाराच्या मागे मी एका मुलाला भेटायला थांबले होते. म्हापशाचा, कोकणीवाला, आमच्या मोर्चावर हसणारा. रस्ते बंद व्हायच्या आधीची शेवटची बस सुटेपर्यंत मी त्याच्याशी बोलत राहिले आणि ही कोपऱ्यावर पहारा देत उभी. घरी हिने सांगितलं की माझी दाढ दुखत होती, डॉक्टरकडे वेळ गेला. बोलणी हिने खाल्ली.

मी हे नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मंगळूरकरीण पुढे वाकून ऐकत होती, आणि तिचं सगळं लक्ष माझ्याकडे आहे हे मला फार बरं वाटत होतं. तिने विचारलं, मग त्याचं काय झालं? मी विजयी चेहऱ्याने मैत्रिणीकडे वळले.

तिचे डोळे भरले होते. ती हळू आवाजात, आमच्या बोलीत म्हणाली, "हांवें इतकीं वर्सां तोंड उगडूंक ना, गो. आनी तुवें एका ग्लासांत सांगून उडयलें."

इतकी वर्षं तिने तोंड मिटून सांभाळलेलं मी एका ग्लासात सांगून टाकलं होतं. तेव्हा मला कळलं की तिने मला पुसलं नव्हतं. माझं गुपित वगळल्यावर त्या गोष्टीत मला ठेवायला जागाच उरत नव्हती, म्हणून ती एकटी चालली. आमच्या दोघींचं असं जे एकच काही तिने कोणाला दिलं नव्हतं, ते मी त्या बाईला देऊन बसले होते.

घरी परतताना टॅक्सीत मैत्रीण पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. मागे मंगळूरकरीण त्या मुलाबद्दल विचारत राहिली आणि मी उद्या सांगते म्हणत राहिले. मी निघाले त्या दिवशी मैत्रिणीने नेहमीसारखी शिदोरी बांधून दिली, पण स्टेशनवर आली नाही. बाळाला ताप आहे म्हणाली. बाळ सकाळी चांगलं खेळत होतं.

डिचोलीला आल्यावर दोनेक आठवडे तिचा फोन आला नाही. आला तो मंगळूरकरणीचा. नंबर तिने बहुधा बाळाच्या आईकडून मिळवला होता. तिने पुन्हा त्या मुलाचं विचारलं. मग तिच्या स्वतःच्या एका मंगळूरच्या मुलाची गोष्ट सांगितली, मग आम्ही बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. या वेळी कोकणीतून. तिचे हेल आता मला तितके परके वाटले नाहीत.

त्याच आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. कुलाब्याला एक नवी जागा सापडली, पण अजून गेलो नाही, असं सांगून झालं. बाळाचे दात सांगून झाले. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "तिचा फोन आला होता म्हणे तुला. काय बोललात एवढा वेळ?"

मी म्हटलं, काही नाही, असंच. आणि तिला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या मिरचीचा भाव सांगायला लागले.